गुरूचा तो फोटो खोटा नव्हता, पण खाली एक ओळ हवी होती

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

जानेवारीत गुरू प्रतियुतीला आला, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला आला, तेव्हा तुमच्या पेपरात फोंड्याकडच्या एका कॉलेजच्या पोरानं घरच्या परसात दुर्बीण लावून वेबकॅमनं काढलेला गुरूचा फोटो छापून आला होता. छान होता, दोन पट्टे स्वच्छ, लाल ठिपका ओळखू येत होता. आणि मग आठवड्याभरात एका वाचकाचं पत्र आलं की असले फोटो म्हणजे कॉम्प्युटरची करामत, दुर्बिणीला डोळा लावला तर एवढं कधीच दिसत नाही, पोरांना खोटं शिकवू नका. ते वाचल्यापासून गप्प बसवत नाहीये. माझं डिचोलीत कॉम्प्युटर-मोबाइल रिपेरीचं दुकान आहे, रात्री शटर ओढलं की घरामागं माडांच्या झावळ्यांतून जेवढं आकाश मिळतं तेवढ्यात सहा इंची दुर्बीण लावून मीही हाच उद्योग करतो, त्या पोराला मी ओळखत नाही पण त्याची बाजू घ्यायला हवी म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तिथं कापा.

आधी हे सांगतो की त्या वाचकांचं एक म्हणणं बरोबर आहे. वेबकॅम लावून लॅपटॉपवर लाइव्ह बघाल तर गुरू म्हणजे एक थरथरणारा पिवळट गोळा, कधी पट्टे दिसतात कधी नाही, आणि त्यातली कुठलीही एक फ्रेम उचलून बघितलीत तर दाणेदार, धुरकट, कुणाला दाखवायची लाज वाटेल अशी. मग पेपरातला फोटो आला कुठून? इथंच लोकांना वाटतं की मधे कुणीतरी फोटोशॉपमधे रंगकाम केलं. तसं नसतं.

गडबड दुर्बिणीची नसून हवेची असते. सहा इंची दुर्बीण तत्त्वतः पाऊण आर्कसेकंदाएवढा (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) बारकावा वेगळा दाखवू शकते, जानेवारीत गुरू साधारण ४६ आर्कसेकंद दिसत होता, म्हणजे त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साठेक वेगवेगळे ठिपके दिसायला हवेत, आणि एवढ्यात पट्टे, लाल ठिपका, पट्ट्यांच्या कडेच्या गाठी सगळं आरामात बसतं. पण आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर हवा आहे, तिच्यात गरम-थंड थर एकमेकांत मिसळत असतात, आणि देवळाच्या तळीत कुणी हात घातला की तळाचं नाणं कसं लांबतं-तुटतं तसा तो गोळा हलत राहतो. मात्र अधूनमधून एखाद्या क्षणापुरती हवा थांबते आणि तेवढ्या क्षणात दुर्बीण आपलं खरं काम दाखवते. हे क्षण किती वेळा मिळायची शक्यता असते त्याचं गणित डेव्हिड फ्रीड या शास्त्रज्ञानं १९७८ मधेच मांडून ठेवलंय. दुर्बीण जेवढी मोठी तेवढे असे क्षण कमी, म्हणजे आमच्यासारख्या छोट्या दुर्बीणवाल्यांना उलट जास्त वेळा नशीब साथ देतं!

वेबकॅमची गंमत इथंच आहे. तो फोटो काढतच नाही, व्हिडिओ काढतो. माझी दुर्बीण ९०० मिमी फोकल लेंथची, पुढं अडीचपट बार्लो, म्हणजे चित्र मोठं करणारं भिंग, लावलं की २२५० मिमी, आणि तेवढ्यावर सेन्सरवर गुरूचं चित्र पडतं जेमतेम अर्धा मिलिमीटर. वेबकॅमचा पिक्सेल २.८ मायक्रॉनचा, म्हणजे गुरू सुमारे १८० पिक्सेल रुंद. पाच-दहा मेगापिक्सेलच्या बाता मारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, ग्रहांना मेगापिक्सेल लागत नाहीत, सेकंदाला जास्त फ्रेमा लागतात. दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, मग ऑटोस्टॅकर्ट किंवा रजिस्टॅक्स यातलं एखादं सॉफ्टवेअर वापरायचं, दोन्ही फुकट मिळतात. ते प्रत्येक फ्रेम तपासून कुठली तीक्ष्ण कुठली गचाळ असा क्रम लावतं, आपण वरच्या थोड्या ठेवायच्या बाकीच्या टाकून द्यायच्या, ठेवलेल्या एकावर एक नीट जुळवून सरासरी काढायची, यालाच स्टॅकिंग म्हणतात. दाणे प्रत्येक फ्रेममधे वेगळ्या जागी असतात म्हणून सरासरीत एकमेकांना मारतात, गुरूचा पट्टा मात्र प्रत्येक फ्रेममधे तिथंच असतो म्हणून तो टिकतो. १०० फ्रेमांची सरासरी काढली तर दाणे १० पटीनं कमी, ४०० ची काढली तर २० पटीनं, वर्गमुळाचा हिशेब. यात खोटं काय आहे हे त्या वाचकांनी मला समजावून सांगावं. शंभर माणसांनी एकच भिंत मोजली आणि सरासरी काढली तर त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही.

मग दोन मिनिटंच का, तासभर का नाही? कारण गुरू थांबत नाही. स्वतःभोवती फेरी पूर्ण करायला त्याला दहा तासही लागत नाहीत, ९ तास ५५ मिनिटं, आणि वर सांगितलेल्या मापात त्याच्या मधल्या भागातला ठिपका मिनिटाला जवळजवळ एक पिक्सेल सरकतो. दोन-तीन मिनिटांच्या पुढं गेलात तर हवेनं नाही तर गुरूनंच फोटो पुसट केलेला असतो. विनजूपॉस नावाचं सॉफ्टवेअर हे फिरणं मोजून सरळ करून देतं, म्हणजे चार-पाच व्हिडिओ जोडता येतात, पण ते शिकायला चिकाटी पाहिजे. नवीन पोरांनी आधी दोन मिनिटांचा एक व्हिडिओ चांगला काढावा.

आता धार काढणं, ज्याला सगळे शार्पनिंग म्हणतात. सरासरीचं चित्र मऊ असतं पण दाणे नसतात, त्यामुळे त्यातले बारकावे वर काढता येतात, रजिस्टॅक्समधे त्यासाठी स्क्रीनवर सरकवायच्या सहा पट्ट्या (स्लायडर) असतात, वरची सर्वात बारीक तपशिलासाठी, खालच्या मोठ्या आकारांसाठी. पट्टी सरकवली की पट्टे उठून येतात आणि माणसाला हाव सुटते. अजून थोडं, अजून थोडं, आणि मग गुरूच्या कडेला आत एक काळी रेघ उमटते, पट्ट्यांवर बारीक जाळी दिसायला लागते, हे सगळं आपण तयार केलेलं, गुरूवर नसलेलं. माझा नियम साधा आहे, पट्टी जिथं आवडली तिथून मागं आणायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघायचं, रात्री दोन वाजता सगळंच भारी दिसतं. फोंड्याच्या पोराच्या फोटोत ती काळी कड नव्हती, म्हणजे त्याचा हात आवरलेला आहे.

आणि ‘डोळ्याला दिसतं तेवढंच खरं’ हे म्हणणं तर मला अजिबात पटत नाही. जुने निरीक्षकसुद्धा काय करायचे? आयपीसला डोळा लावून बसायचे, हवा थांबायची वाट बघायचे आणि त्या क्षणात दिसलेलं कागदावर उतरवायचे, म्हणजे निवड आणि सरासरी तेही करतच होते, फक्त डोक्यात. आणि डोकं लबाडी करतं. १८७७ मधे शियापरेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर रेघा दिसल्या, पुढं अमेरिकेत लॉवेलनं त्या रेघांचे कालवे केले आणि कालवे खणणारी माणसंसुद्धा वसवली. १९०९ मधे आंतोनियादी या निरीक्षकानं पॅरिसजवळच्या मेदों वेधशाळेच्या ८३ सेंमी दुर्बिणीतून चांगल्या हवेत बघितलं तेव्हा त्या सरळ रेघांच्या जागी तुटक, वेडेवाकडे डाग निघाले. योगायोग बघा, हवा किती स्थिर आहे ते एक ते पाच अशा पायऱ्यांत लिहायची पद्धत हौशी लोक आजही वापरतात ती त्याच्याच नावाची आहे. सांगायचं काय तर डोळ्याकडं रेकॉर्ड नसतं. व्हिडिओ असतो. शंका आली तर मूळ फाइल मागा आणि स्वतः स्टॅक करून बघा, माझ्या एका व्हिडिओची फाइल दोन जीबीच्या वर जाते पण मी ठेवतो, हार्डडिस्क काय दुकानात पडलेल्याच असतात.

पण, आणि हा ‘पण’ मोठा आहे, त्या वाचकांची भीती उगाचची नाही. हल्ली दुकानात पोरं मोबाइल घेऊन येतात आणि दाखवतात, ‘बघा दादा, ॲपमधे टाकला आणि एचडी झाला’. ती एआय ॲप धुरकट गोळा घेतात आणि त्यावर गुरू कसा दिसायला पाहिजे तसं नक्षीकाम करून देतात, कारण त्यांनी आधी हजारो गुरू बघितलेत. ते चित्र सुंदर असतं आणि ते तुमच्या परसातल्या त्या रात्रीचं नसतं. स्टॅकिंगमधे जे येतं ते तुमच्या फ्रेमांमधून येतं, ॲपमधे जे येतं ते दुसऱ्यांच्या फोटोंमधून येतं. दोन्हीला ‘कॉम्प्युटरनं केलं’ म्हणून एकाच टोपलीत टाकलं म्हणूनच हा सगळा घोळ झालाय.

फरक कसा ओळखायचा, तर त्याला एक सोपी परीक्षा आहे आणि ती कुणीही लावू शकतं. दहा मिनिटांच्या अंतरानं दोन व्हिडिओ घ्या, दोन्ही वेगवेगळे स्टॅक करा आणि शेजारी ठेवा. दहा मिनिटांत गुरू सहा अंश फिरतो. पट्ट्यावरची गाठ खरी असेल तर ती दुसऱ्या चित्रात तेवढीच सरकलेली दिसणार, लाल ठिपका सरकणार, चंद्राची सावली सरकणार. एखादी नक्षी जागेवरच बसून राहिली तर ती सेन्सरवरची धूळ किंवा धार काढताना झालेली घाण, आणि एका चित्रात आहे दुसऱ्यात नाहीच असं असेल तर ती हवेनं किंवा ॲपनं काढलेली. शिवाय लाल ठिपका मधल्या रेषेवर कधी येणार याच्या वेळा आधीच गणितानं काढलेल्या मिळतात, फोटोची वेळ त्याच्याशी लावून बघा. खोटा फोटो इथं पकडला जातो.

एका माणसाच्या फोटोवर विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू, ग्रहांच्या दुनियेत तसा नियमच आहे. १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्ली या हौशी माणसाला घरच्या दुर्बिणीतून गुरूवर एक नवा काळा डाग दिसला, काहीतरी येऊन आदळलं होतं, त्यानं कळवलं आणि मग मोठ्या दुर्बिणी तिकडं वळल्या. पुढच्या वर्षी ३ जूनला त्यालाच गुरूवर एक झगमगाट व्हिडिओत मिळाला, आणि त्याच क्षणी फिलिपिन्समधल्या सेबू शहरात क्रिस्टोफर गो यांच्या व्हिडिओतही तोच झगमगाट होता. दोन देश, दोन कॅमेरे, मग शंका कुठं उरली? हे गो म्हणजे धंद्यानं फर्निचरवाले, आणि २००६ मधे गुरूवरचं ओव्हल बीए नावाचं पांढरं वादळ लाल पडलंय हे त्यांनीच पहिल्यांदा लक्षात आणून दिलं.

सेबूचं नाव मुद्दाम घेतलं. ते विषुववृत्ताच्या १० अंश उत्तरेला आहे, आपण साडेपंधरा. ब्रिटनचा डेमियन पीच, ग्रहांचे फोटो काढण्यात ज्याचं नाव आहे, तो विमानाचं तिकीट काढून बार्बाडोसला जाऊन फोटो काढतो, ते १३ अंशांवर. कारण या पट्ट्यात ग्रह डोक्यावर येतात. यंदा जानेवारीत गुरू मिथुन राशीत होता, आपल्याकडं मध्यरात्री तो जवळजवळ माथ्यावर, क्षितिजापासून ८३ अंशांवर होता, लंडनात ६१ वर. २०१९ मधे तो खाली दक्षिणेला होता तेव्हा आपल्याकडं तरी ५२ अंश मिळत होता, लंडनवाल्यांना १६! ग्रह खाली असला की त्याचा प्रकाश कितीतरी जास्त हवेतून येतो आणि कडांना लाल-निळी झालर येते. हिवाळ्यात वरचा वेगवान वारा, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात, तोही उत्तर भारतावरून जातो, आपल्यापासून लांब. म्हणजे परदेशी लोक ज्यासाठी खर्च करतात ते आपल्याला सुशेगात घरबसल्या आहे, आणि आपण म्हणतो गोव्यात बसून काय दिसणार.

अजून एक गैरसमज, की अंधार पाहिजे. आकाशगंगेला पाहिजे, तेजोमेघांना पाहिजे, गुरू-शनीला नको. पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवरून असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीच्या लोकांनी वर्षानुवर्षं भर शहरात शनीची कडी लोकांना दाखवलीच की. त्रास दिव्यांपेक्षा उष्णतेचा. दिवसभर तापलेली काँक्रीटची गच्ची किंवा शेजारच्या घराची कौलं रात्री दहापर्यंत ऊब सोडत असतात आणि त्यांच्यावरून बघितलं की गोळा उकळतो. म्हणून गच्चीपेक्षा परस बरं, माती आणि गवत लवकर निवतं, आणि मध्यरात्रीनंतर तर अजून बरं. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवायची म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. एसीच्या खोलीत मात्र ठेवू नका, आपल्या दमट हवेत ती बाहेर काढली की आरशावर घाम येतो, आणि पावसाळ्याचे चार महिने सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद, नाहीतर भिंगांना बुरशी धरते आणि मग रजिस्टॅक्सच्या बापाकडूनही काही होत नाही.

वेबकॅमबद्दल दोन गोष्टी दुकानदार म्हणून सांगतो. पुढचं बारकं भिंग काढून टाकायचं, फक्त सेन्सर दुर्बिणीकडं तोंड करून बसवायचा. जुन्या फोटो-रोलची काळी डबी मिळाली तर तळ कापून चिकटवा, सव्वा इंची फोकसरमधे, म्हणजे आयपीस बसवतात त्या नळीत, ती बरोब्बर बसते. पण बऱ्याच वेबकॅममधे इन्फ्रारेड अडवणारी काच त्या भिंगाच्या नळीतच असते, भिंगाबरोबर तीही जाते आणि मग फोटो लालसर आणि मऊ येतो, लोक फोकस करून करून थकतात. सव्वा इंची आयआर-कट फिल्टर पुढं लावा, सुटला प्रश्न. दुसरं, सगळं ऑटो बंद करायचं. ऑटो एक्सपोजर काळ्या आकाशाकडं बघून गुरूला पांढराफटक करतं, आणि कॅमेऱ्याचं स्वतःचं शार्पनिंग दाण्यांनाच धार काढून देतं. ७२० पीच्या एका फ्रेमला न दाबता साधारण १.८ एमबी लागतात, यूएसबी २ मधून सेकंदाला अशा ३० जात नाहीत, म्हणून कॅमेरा व्हिडिओ दाबतो आणि बारकावे तिथंच मरतात. सेकंदाला १० घ्या पण न दाबलेल्या घ्या.

फोकसबद्दल काही बोलत नाही, तो गुरूवर न करता त्याच्या एखाद्या चंद्रावर करा एवढंच, चंद्र सर्वात बारीक दिसला की झालं.

तर संपादक साहेब, मागणी अशी की असे फोटो जरूर छापा, जास्त छापा, पण खाली एक ओळ द्या. तारीख आणि वेळ, दुर्बीण किती इंची, कॅमेरा कुठला, किती फ्रेमांमधून किती घेतल्या, आणि एआय वापरलं की नाही. फोटो पाठवणाऱ्याकडूनच लिहून घ्या, नाही लिहिलं तर छापू नका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शनी प्रतियुतीला येतोय, पाऊसही तेव्हा उतरणीला लागलेला असेल, मार्च २०२५ मधे त्याची कडी आपल्याकडून अगदी रेघेसारखी आडवी झाली होती ती आता पुन्हा उघडतायत, तेव्हा फोटोंचा ढीग येणार. शनीवर ऊन गुरूच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी पडतं, त्यामुळे ते फोटो जास्त दाणेदार असतील आणि ॲपचा मोहही जास्त असेल, म्हणून ती ओळ तोपर्यंत सुरू झाली तर बरं.

आणि एक विनंती तुमच्या डिझाइन करणाऱ्या मंडळींना. मागं एका स्मरणिकेत, नाव घेत नाही, माझा गुरूचा फोटो छापताना कुणीतरी त्यावरचा काळा ठिपका छपाईचा डाग समजून स्वच्छ पुसून टाकला. ती आयो चंद्राची सावली होती, तिच्यासाठीच मी जागलो होतो. कृपया गुरूवरचे काळे ठिपके पुसू नका.

आपला,
एक दुर्बीणवाला वाचक, डिचोली